लुसिल बॉल: विनोदाची तालीम आणि निगेटिव्हची मालकी

टीव्हीच्या पहिल्या काही वर्षांतले अमेरिकी कार्यक्रम आज शोधायला गेलं, तर बहुतेक सापडतच नाहीत. ते थेट प्रक्षेपित व्हायचे आणि संपले की संपले. जे थोडेफार उरलेत ते धुरकट आहेत. १५ ऑक्टोबर १९५१ ला सुरू झालेली 'आय लव्ह लुसी' ही विनोदी मालिका मात्र अजून लख्ख दिसते. यामागे नशीब नव्हतं. कुठे राहून काम करायचं, कोणाबरोबर करायचं आणि कोणासमोर करायचं, या तीन बाबतीत लुसिल बॉल या अभिनेत्रीने हट्ट धरला होता. त्या हट्टापायी खर्च वाढला, तो भरून काढायला नवरा-बायकोने पगार कमी करून घेतला आणि त्या बदल्यात मालिकेची मालकी मागून घेतली. पुढे त्याच मालकीवर एक अख्खा स्टुडिओ उभा राहिला.

त्यामुळे तिची कारकीर्द समजून घ्यायची तर नुसता अभिनय बघून भागत नाही, हा व्यवहारही बघावा लागतो. आणि व्यवहार कळायला त्या काळचं टीव्हीचं तंत्र थोडं समजून घ्यावं लागतं.

चाळिशीपर्यंत

लुसिल बॉलचा जन्म ६ ऑगस्ट १९११ चा, न्यूयॉर्क राज्यातल्या जेम्सटाउन गावचा. वडील टेलिफोनच्या तारा टाकण्याचं काम करत. १९१५ मध्ये ते विषमज्वराने गेले, तेव्हा ती तीन वर्षांची होती. पुढे ती शेजारच्या सेलोरॉनमध्ये आजी-आजोबांच्या घरी वाढली. पंधराव्या वर्षी आईने तिला न्यूयॉर्क शहरातल्या नाट्यशाळेत घातलं. तिथे बेटी डेव्हिस ही विद्यार्थिनी आधीपासून गाजत होती आणि ही मुलगी बुजून गप्प बसायची. शाळेने आईला कळवलं की फीचे पैसे वाया घालवू नका. १९२७ मध्ये आजोबांच्या घराच्या अंगणात मुलांच्या हाती असलेल्या बंदुकीतून गोळी सुटली, शेजारचा मुलगा कायमचा अपंग झाला आणि कोर्टकचेरीत घर गेलं. पैशाच्या बाबतीत ही बाई पुढे इतकी सावध का राहिली, याचा थोडा उलगडा इथे होतो.

मग न्यूयॉर्कमध्ये हॅटी कार्नेगीच्या दुकानात कपड्यांची मॉडेल, चेस्टरफील्ड सिगारेटच्या जाहिरातीतली पोरगी, आणि १९३३ मध्ये हॉलिवूडला नाचणाऱ्या मुलींच्या घोळक्यात एक. नंतर आरकेओ स्टुडिओत ती पगारी नटी झाली. तेव्हा थिएटरात एका तिकिटात दोन चित्रपट दाखवत: एक मोठा आणि जोडीला दुसरा स्वस्तातला, थोड्या आठवड्यांत उरकलेला. या दुसऱ्याला 'बी पिक्चर' म्हणत. लुसिलने असे इतके केले की तिला 'बी पिक्चरची राणी' म्हणू लागले. 'स्टेज डोअर' (१९३७) किंवा 'द बिग स्ट्रीट' (१९४२) मध्ये तिने दिसण्यासारखं काम केलंय, पण साठ-सत्तर चित्रपट करूनही ती पहिल्या फळीत पोहोचली नाही. १९४२ मध्ये ती एमजीएममध्ये गेली. तिथे तिचे केस लालभडक रंगवले गेले, तेवढीच त्या स्टुडिओची देणगी, असं गंमतीने म्हणता येईल. खरी देणगी वेगळी होती. मूकपटांच्या काळचा विनोदवीर बस्टर कीटन तेव्हा पडता काळ काढत तिथेच नोकरीला होता आणि त्याने हिच्यातला गुण ओळखला. हातातली वस्तू कशी सांभाळायची, ती आपल्यावर उलटते कशी आणि उलटण्याआधी तिच्याकडे गंभीरपणे कसं बघायचं, हे धडे तिने त्याच्याकडून घेतले.

१९४० मध्ये 'टू मेनी गर्ल्स'च्या सेटवर तिला देसी आर्नाझ भेटला. तो क्यूबाचा. वडील सँतियागोचे महापौर होते, १९३३ च्या उठावात सगळं गेलं आणि कुटुंब मायामीला आलं. देसी गायचा, ढोल वाजवायचा, स्वतःचा वाद्यवृंद घेऊन गावोगाव फिरायचा. ३० नोव्हेंबर १९४० ला दोघांनी लग्न केलं आणि पुढची दहा वर्षं हा दौऱ्यावर, ती हॉलिवूडमध्ये, असाच संसार चालला.

१९४८ मध्ये सीबीएस या प्रसारण कंपनीच्या रेडिओवर तिची 'माय फेव्हरिट हजबंड' ही मालिका सुरू झाली. जेस ओपनहायमर, मॅडलिन प्यू आणि बॉब कॅरल हे तिन्ही लेखक तिला इथेच मिळाले. रेडिओचे कार्यक्रम तेव्हा स्टुडिओत प्रेक्षक बसवून करत. ओपनहायमरने तिला विनोदवीर जॅक बेनीचा कार्यक्रम बघायला पाठवलं: समोरच्या माणसांसाठी कसं खेळतात ते बघून ये म्हणून. तिने ते बघितलं आणि ती माइकसमोर हातवारे करू लागली, तोंडं वेडीवाकडी करू लागली, आणि प्रेक्षक हसू लागले. कॅमेऱ्यापुढे पंधरा वर्षांत जे खुललं नव्हतं ते माणसांपुढे खुललं.

तीन हट्ट

सीबीएसला हीच मालिका टीव्हीवर हवी होती. लुसिलची पहिली अट: नवऱ्याची भूमिका देसीच करेल. वाहिनीचं म्हणणं पडलं की अमेरिकी बायकोला क्यूबन उच्चारांचा नवरा लोकांच्या पचनी पडणार नाही. दोघांनी १९५० मध्ये देसिलू नावाची कंपनी काढली आणि एक छोटा प्रयोग बसवून गावोगावच्या रंगमंचांवर नेला. त्यातला चेलो वाजवण्याचा धमाल प्रवेश पेपितो नावाच्या विदूषकाने शिकवलेला. लोकांनी उचलून धरल्यावर वाहिनीच्या आक्षेपात दम उरला नाही. २ मार्च १९५१ ला नमुन्याचा भाग झाला. तेव्हा ती गरोदर होती, आणि विदूषकाच्या ढगळ कपड्यांनी ते झाकलं गेलं. मालिकेला प्रायोजक मिळाला फिलिप मॉरिस ही सिगारेट कंपनी.

दुसरी अट: आम्ही कॅलिफोर्निया सोडणार नाही. इथे खरा पेच सुरू झाला.

त्या काळी राष्ट्रीय कार्यक्रम न्यूयॉर्कहून थेट दाखवत. पूर्व किनाऱ्यापासून पश्चिमेपर्यंत टीव्हीचा संदेश नेणारी जोडणी सप्टेंबर १९५१ मध्ये जेमतेम सुरू होत होती. ज्या केंद्रांपर्यंत थेट संदेश पोहोचत नसे त्यांना 'किनेस्कोप' पाठवत. म्हणजे काय, तर टीव्हीच्या पडद्यासमोर फिल्मचा कॅमेरा लावून पडद्यावरचं चित्र उतरवून घ्यायचं आणि ती फिल्म डब्यात घालून रवाना करायची. टीव्हीचं चित्र आडव्या रेघांनी बनतं. त्या रेघा फिल्मवर उतरतात, कडा फुटतात, चेहऱ्यावरचे उजेड-सावल्यांचे मधले टप्पे नाहीसे होतात. भरीला टीव्ही सेकंदाला ३० चित्रं दाखवायचा आणि फिल्म २४ ची, त्यामुळे दोघांचा मेळ घालताना आणखी गोंधळ. वर सांगितलेला नमुन्याचा भाग असाच किनेस्कोपवर होता. त्याची प्रत पेपितोला भेट दिलेली, ती कित्येक दशकं त्याच्या घरात पडून होती. १९८९ मध्ये त्याच्या बायकोला ती सापडली आणि १९९० मध्ये सीबीएसने ती दाखवली. किनेस्कोप म्हणजे काय ते डोळ्यांनी बघायचं असेल तर तो भाग आणि मालिकेचा कुठलाही भाग लागोपाठ लावून बघा.

आता प्रायोजकाच्या बाजूने विचार करा. टीव्ही असलेली बहुतेक घरं पूर्वेला. लुसिल लॉस एंजेलिसमधून थेट कार्यक्रम करणार म्हणजे पश्चिमेला स्वच्छ चित्र आणि सिगारेटचं मोठं गिऱ्हाईक जिथे आहे तिथे हे धुरकट किनेस्कोप. फिलिप मॉरिसने साफ सांगितलं: न्यूयॉर्कला या. ही दोघं नाही म्हणाली. देसीने तोडगा सुचवला की थेट करूच नका, चित्रपटासारखं ३५ मिलिमीटर फिल्मवर चित्रित करा, मग दोन्ही किनाऱ्यांना सारख्याच चांगल्या प्रती जातील.

फिल्मवर केलेले टीव्ही कार्यक्रम तेव्हाही होते. पण ते एका कॅमेऱ्याने, तुकड्या-तुकड्यांत, प्रेक्षकांविना. लुसिलची तिसरी अट नेमकी तिथे आडवी आली: समोर माणसं हवीत. मग चित्रपटाच्या दर्जाची फिल्म आणि नाटकासारखा सलग प्रयोग, दोन्ही एकत्र कसं जमवायचं?

हजार डॉलरची कपात

आधी पैसा. फिल्म, तिची धुलाई, जास्तीचे कॅमेरे, संकलन, सगळं मिळून दर भागाचा खर्च हजारो डॉलरने वाढत होता. वाहिनी आणि प्रायोजक यांनी आपापला थोडा भार उचलला, उरलेल्यासाठी नवरा-बायकोच्या आठवड्याच्या पाच हजार डॉलरमधून एक हजार कापायचं ठरलं. देसी म्हणाला, चालेल, पण मग चित्रित झालेल्या भागांची मालकी आमची. सीबीएसने फारशी खळखळ न करता होकार दिला.

आज हे वाचून वाहिनीचे अधिकारी बावळट वाटतात, पण ते तसे नव्हते. एकदा दाखवलेला कार्यक्रम लोक पुन्हा कशाला बघतील? जुन्या भागाला बाजार असतो हेच तेव्हा सिद्ध झालं नव्हतं. थेट कार्यक्रमांच्या जगात भाग म्हणजे कालचं वर्तमानपत्र, आणि रद्दीची मालकी कोणी मागितली तर कोण भांडणार? खुद्द देसीलाही पुढचं सगळं दिसत होतं असं समजायचं कारण नाही. कपात होतेय तर काहीतरी पदरात पाडून घ्यावं, इतका साधा हिशेब असणं जास्त शक्य आहे.

तीन कॅमेरे आणि सपाट उजेड

आता तंत्र. 'तीन कॅमेऱ्यांची पद्धत लुसिल बॉलने शोधली' असं जागोजागी लिहिलेलं आढळतं. ते खरं नाही. एकाहून जास्त फिल्म कॅमेरे लावून टीव्हीसाठी चित्रीकरण करण्याचे प्रयोग आधी झाले होते. निर्माता जेरी फेअरबँक्सने तशी पद्धत वापरली होती. देसिलूने ती प्रेक्षकांसमोरच्या विनोदी नाटुकल्याला बसवली आणि इतकी पक्की केली की पुढची पन्नास वर्षं अमेरिकी सिटकॉम त्याच मापात शिवले गेले. हे काम मुख्यतः कॅमेरामन कार्ल फ्रॉइंडचं. जर्मनीत 'मेट्रोपोलिस', हॉलिवूडमध्ये 'ड्रॅक्युला', 'द गुड अर्थ'साठी ऑस्कर, असा हा माणूस साठी ओलांडल्यावर टीव्हीत आला.

अडचण कुठे होती ते बघू. चित्रपटात लांबचा शॉट वेगळा घेतात, जवळचा वेगळा, आणि दर वेळी दिवे हलवतात. चेहरा जवळून घ्यायचा असेल तर एका बाजूने मऊ उजेड, खोली दाखवायची असेल तर वेगळी मांडणी. तीन कॅमेरे एकाच वेळी चालू असतील तर ही सोय नाही. मधल्या कॅमेऱ्याला रुंद भिंग, त्यात पूर्ण माणसं आणि खोली. दोन्ही बाजूंच्या कॅमेऱ्यांना लांब पल्ल्याची भिंगं, त्यांत चेहरे. तिघांनाही त्याच क्षणी त्याच उजेडात चांगलं चित्र मिळालं पाहिजे. शिवाय जमिनीवर एकही दिवा उभा करता येत नाही, कारण तो दुसऱ्या कॅमेऱ्यात दिसणार, त्याची केबल कॅमेऱ्याच्या चाकांत येणार आणि प्रेक्षकांच्या नजरेआड अभिनेत्री जाणार.

फ्रॉइंडने सगळे दिवे वर टांगले आणि सेटवर सगळीकडे सारखा, सपाट उजेड पाडला. वरून येणाऱ्या उजेडाने डोळ्यांखाली आणि हनुवटीखाली काळोख साचतो. त्यासाठी कॅमेऱ्यांवरच, भिंगाजवळ, छोटे दिवे बसवले. दुसरी भानगड टीव्हीची. तेव्हाचे संच काळं-पांढरं आणखी भडक करून दाखवत. पांढरा शर्ट नुसता चकाकायचा, काळा कोट नुसता डाग दिसायचा. म्हणून भिंती, सामान, कपडे, इतकंच काय सेटवरची छापील कागदपत्रंसुद्धा करड्या रंगाच्या मधल्या छटांत ठेवली. फिल्मवर मुद्दाम थोडं फिकं चित्र घेतलं की टीव्हीवर ते बरोबर दिसायचं.

जनरल सर्व्हिस स्टुडिओच्या एका मोठ्या फ्लोअरवर सुमारे ३०० माणसं बसतील अशा चढत्या बाकांच्या रांगा घातल्या. बाहेरची माणसं आत येणार म्हटल्यावर रस्त्याच्या बाजूने वेगळं दार पाडावं लागलं. कॅमेरे चाकाच्या गाड्यांवर, आणि त्यांनी कुठून कुठे जायचं याच्या खुणा जमिनीवर. ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला ९० फूट पळते, म्हणजे हजार फुटांचं रीळ जेमतेम अकरा मिनिटं पुरतं. त्यामुळे प्रवेश कुठे तोडायचा हे रिळाचा अंदाज घेऊनच ठरवावं लागे. पंचवीस मिनिटांचा मजकूर तीन कॅमेऱ्यांवर घ्यायचा तर पावणेसात हजार फूट फिल्म निघाली, एकही टेक पुन्हा न घेता.

ही सगळी फिल्म जुळवणार कशी? नेहमीच्या संकलन यंत्रात एक चित्र आणि एक आवाज चाले. डॅन कान या संकलकासाठी तीन चित्रं आणि आवाज एकत्र चालवणारं यंत्र आणलं गेलं. त्याला सगळे 'तीन डोक्यांचा राक्षस' म्हणत. तीन खिडक्यांत तोच क्षण तीन बाजूंनी दिसायचा आणि कान त्यातून निवडायचा. प्रेक्षकांचं हसू खरं असल्याने त्यात कापाकापी करता येत नसे. हशा चालू असताना कलाकार थांबलेला असतो, त्यामुळे वाक्य छाटलं की हशाही अर्धा तुटतो. म्हणून लय प्रयोगातच बरोबर यावी लागे. प्रेक्षकांत लुसिलची आई बहुतेक वेळा हजर असायची आणि लेक काही उपद्व्याप करायला निघाली की तिचं काळजीने निघालेलं 'अरे देवा'छाप हुंकारणं कित्येक भागांच्या ध्वनिफितीवर ऐकू येतं.

आठवडा आणि एक प्रवेश

पहिल्या वर्षी आठवड्याचं वेळापत्रक नाटक कंपनीचं होतं: सुरुवातीला संहितेचं वाचन, मग तालमी, मग कॅमेऱ्यांसह तालीम, आणि शेवटच्या दिवशी रंगीत तालीम झाली की रात्री प्रेक्षकांसमोर प्रयोग. रात्रीचा प्रयोग शक्यतो न थांबता.

लुसिल बॉल हजरजबाबी नव्हती. मुलाखतीत ती सहसा कोरडी, थोडी करडीच वाटते. सेटवर सगळं ठरवून, मोजून, घोटून करायची. १९५५ च्या भागात विनोदवीर हार्पो मार्क्सबरोबर आरशाचा प्रवेश आहे: एकाने केलेली हालचाल दुसऱ्याने आरशातल्या प्रतिमेसारखी त्याच क्षणी करायची. हार्पोला ऐन वेळी सुचेल ते करायची सवय, हिला दहादा तालीम हवी. तालीम तिने करवून घेतलीच.

तिची पद्धत बघायला सगळ्यात चांगला प्रवेश ५ मे १९५२ च्या भागातला. लुसी एका टॉनिकच्या जाहिरातीत काम करते. टॉनिकचं नाव 'व्हिटामीटाव्हेजामिन', आणि त्यात २३ टक्के अल्कोहोल आहे हे तिला ठाऊक नाही. जाहिरातीचं भाषण ती पहिल्यांदा स्वच्छ, एकही चूक न करता म्हणते आणि शेवटी चमचाभर टॉनिक घेऊन कसंनुसं तोंड करते. इथे घाई करून लगेच बरळायला लागली असती तर प्रवेश पडला असता. पहिली फेरी आहे ती प्रेक्षकांना मजकूर पाठ व्हावा म्हणून. पुढच्या फेरीत फक्त तोंडावरची नाराजी थोडी कमी होते. त्याच्या पुढच्या वेळी चमचा तोंडाकडे जरा लवकर जातो. मग अक्षरांची अदलाबदल सुरू होते, आणि मूळ वाक्य आपल्याला पाठ झालेलं असल्याने प्रत्येक चूक आपण तिच्या आधी पकडतो. चमच्यात ओतणं जमेना म्हणून शेवटी ती बाटलीच तोंडाला लावते. दारू पिण्याची नक्कल करणारे नट पहिल्याच घोटाला झिंगतात. ही प्रत्येक फेरीत एकच पायरी उतरते. बाटलीत खरं म्हणजे सफरचंदाचं पेक्टिन होतं.

आणखी एक गोष्ट नजरेतून सुटते: तिच्या आजूबाजूची तिघं. देसीचा ताळ्यावर राहण्याचा प्रयत्न, विल्यम फ्रॉलीचा कंजूष घरमालक, आणि त्याची बायको झालेली व्हिवियन व्हॅन्स. १५ सप्टेंबर १९५२ च्या चॉकलेट कारखान्याच्या भागात सरकत्या पट्ट्यावरून चॉकलेटं येताहेत, दोघी ती गुंडाळताहेत, पट्टा वेग घेतो आणि चॉकलेटं तोंडात, टोपीत, कपड्यांत कोंबली जातात. लुसिलकडेच बघत राहिलं तर व्हॅन्सचं काम कळत नाही. वेगाचं भान ती देते, लुसी त्यावर कळस चढवते.

बाळ, रेटिंग आणि पुन्हा दाखवलेले भाग

१९५२ मध्ये ती पुन्हा गरोदर राहिली. टीव्हीवर गरोदर बाई दाखवायची नसते, हा अलिखित नियम. वाहिनी आणि प्रायोजक म्हणाले, खुर्चीमागे लपवा. ओपनहायमर आणि देसीने ते कथेतच घ्यायचं ठरवलं. गरोदर हा शब्द संवादात चालणार नव्हता. संहिता आधी एका कॅथलिक पाद्र्याला, एका प्रोटेस्टंट धर्मोपदेशकाला आणि एका रब्बीला वाचायला दिल्या. कोणीच आक्षेप घेतला नाही. बाळंतपणाचा भाग नोव्हेंबरमध्ये चित्रित झाला आणि त्यात मुलगा होतो असं आधीच लिहून टाकलेलं. लुसिलचं सिझेरियन सोमवारी, १९ जानेवारी १९५३ ला ठरलं होतं. सकाळी तिला खरोखर मुलगा झाला, रात्री तो भाग दाखवला गेला.

त्या भागाचं रेटिंग ७१.७. म्हणजे अमेरिकेत टीव्ही असलेल्या दर शंभर घरांपैकी सुमारे ७२ घरांत तो लागलेला होता. नुसते चालू असलेले संच मोजले तर हा आकडा आणखी वर जातो. साधारण ४ कोटी ४० लाख प्रेक्षक. दुसऱ्या दिवशी आयझेनहॉवर यांचा अध्यक्षपदाचा शपथविधी बघणारे होते २ कोटी ९० लाख. मात्र आजच्या आकड्यांशी याची तुलना करू नये. तेव्हा लोकांना निवडायला दोन-चारच वाहिन्या होत्या.

धंद्याच्या दृष्टीने त्या हंगामात झालेली दुसरी गोष्ट जास्त मोठी. बाळंतपणाच्या आगेमागे लुसिलला विश्रांती हवी होती, म्हणून पहिल्या वर्षाचे गाजलेले काही भाग नव्या सुरुवातीसह पुन्हा दाखवले. लोकांनी ते आवडीने बघितले. भाग पुन्हा चालतो! आणि पुन्हा दाखवण्यासारखी स्वच्छ निगेटिव्ह, म्हणजे जिच्यावरून प्रती काढतात ती मूळ फिल्म, होती देसिलूकडे.

१९५३ च्या सप्टेंबरात एक संकट येऊन गेलं. १९३६ मध्ये आजोबांच्या समाधानासाठी तिने मतदार म्हणून कम्युनिस्ट पक्षाच्या नावाखाली नोंदणी केली होती, ते बाहेर आलं. संसदेच्या समितीपुढे तिचा जबाब झाला, तिला दोषी धरलं गेलं नाही, प्रायोजकही हलला नाही. त्या आठवड्याच्या प्रयोगाआधी देसीने प्रेक्षकांना सांगितलं की लुसीचं लाल काही असेल तर ते केस, आणि तेही खरे नाहीत.

विकलं तेव्हा आणि नंतर

६ मे १९५७ ला अर्ध्या तासाचे भाग थांबले. सहापैकी चार हंगामांत मालिका देशात पहिली होती. या सुमारास देसिलूने भागांचे हक्क सीबीएसला विकले, चाळीस-पन्नास लाख डॉलरच्या घरात. वाहिनीने ते आधी स्वतः दिवसा दाखवले, मग १९६७ पासून गावोगावच्या केंद्रांना भाड्याने दिले. याला सिंडिकेशन म्हणतात: तोच भाग शेकडो केंद्रांना पुन्हा पुन्हा विकायचा, नवा खर्च जवळपास शून्य. भागाच्या सुरुवातीला दिसणारं साटिनवरचं हृदय हेही पुनःप्रक्षेपणासाठी बनवलेलं आहे. मूळ सुरुवातीत सिगारेटच्या पाकिटावर चढणारी चित्रातली लुसी होती. व्हॅन्स आणि फ्रॉली पगारी कलाकार होते. पुनःप्रक्षेपणाचे पैसे नटांना तेव्हा ठरावीक फेऱ्यांपुरतेच मिळत. ते कायम मिळण्याची तरतूद संघटनेने १९७४ च्या करारात मिळवली.

हक्क विकून मोकळ्या झालेल्या पैशाच्या जोरावर देसिलूने १९५७ च्या शेवटी आरकेओ स्टुडिओ घेतला, सुमारे ६१.५ लाख डॉलरना. ज्या स्टुडिओत लुसिल किरकोळ पगारावर होती तोच. स्टुडिओ घेण्याचा अर्थ फक्त स्वतःच्या मालिका बनवणं नव्हे. फ्लोअर, दिवे, सामान, संकलनाच्या खोल्या इतर निर्मात्यांना भाड्याने देणं, हे रोजचं उत्पन्न.

लग्न मात्र टिकलं नाही. देसीचं पिणं, बाहेरख्यालीपणा, कामाचा ताण. ४ मे १९६० ला घटस्फोट मिळाला. पुढच्या वर्षी तिने गॅरी मॉर्टनशी लग्न केलं. १९६२ मध्ये देसीचा वाटा तिने २५ लाख डॉलरला विकत घेतला आणि देसिलूची अध्यक्ष झाली. एवढ्या मोठ्या टीव्ही स्टुडिओच्या प्रमुखपदी आलेली ती पहिली बाई. पद तिला मनापासून आवडत होतं असं दिसत नाही, 'द लुसी शो' (१९६२ ते १९६८) करता करताच ती कारभार बघत होती.

तिच्या काळात 'स्टार ट्रेक' आणि 'मिशन: इम्पॉसिबल' या मालिका उभ्या राहिल्या. दोन्ही महाग, संचालक मंडळ दोन्हींच्या विरोधात, आणि तिने मंडळाला डावलून हर्ब सोलो या आपल्या निर्मितीप्रमुखाच्या बाजूने कौल दिला. 'स्टार ट्रेक'चा पहिला नमुना एनबीसीने नाकारल्यावर दुसरा केला गेला, हे त्या काळी नेहमीचं नव्हतं. इथे टीव्हीच्या अर्थकारणातली एक गोम आहे. वाहिनी निर्मात्याला दर भागामागे देते ती रक्कम पूर्ण खर्चाएवढी नसते. फरक निर्माता स्वतःच्या खिशातून घालतो आणि पुढे सिंडिकेशनमध्ये वसूल होईल या आशेवर बसतो. पुरेसे भाग साठेपर्यंत, म्हणजे तीन-चार वर्षं, पैसा अडकून पडतो. एका वेळी अशा दोन मालिका पेलायला देसिलूची छाती अपुरी होती. १९६७ मध्ये तिने कंपनी पॅरामाउंट स्टुडिओची मालक असलेल्या गल्फ अँड वेस्टर्नला सुमारे १ कोटी ७० लाख डॉलरना विकली, आणि देसिलू पॅरामाउंटमध्ये विरली. 'स्टार ट्रेक' मूळ प्रक्षेपणात पडलेली, पुनःप्रक्षेपणात ती तुफान चालली आणि तो पैसा पॅरामाउंटला मिळाला.

म्हणजे जुन्या भागांना किंमत असते हे जगाला दाखवणाऱ्या कंपनीने ती किंमत पूर्ण वसूल होण्याआधीच दोनदा माल विकला. याला कोणी चूक म्हणतं. आमच्या मते पहिली विक्री शहाणपणाची होती, कारण तिच्याविना स्टुडिओ झाला नसता. दुसरी नाइलाजाची.

पुढे

'हिअर्स लुसी' १९७४ पर्यंत चालली, त्यात तिची दोन्ही मुलंही होती. चार एमी पुरस्कार मिळाले. १९७४ चा 'मेम' हा चित्रपट पडला. १९८६ मध्ये एबीसीवर 'लाइफ विथ लुसी' आली तेव्हा ती पंचाहत्तर वर्षांची होती. लेखक तेच, ठोकताळेही तेच, पण शिडीवरून पडणारी चाळिशीची बाई बघून हसणारा प्रेक्षक पंचाहत्तरीची बाई पडताना बघून धसकतो. तेरा भाग चित्रित झाले, आठ दाखवून मालिका बंद केली. त्याच वर्षी २ डिसेंबरला देसी गेला. २६ एप्रिल १९८९ ला लॉस एंजेलिसच्या रुग्णालयात, महाधमनी फुटून, लुसिल गेली. त्याच्या महिनाभर आधीच ती ऑस्करच्या मंचावर बॉब होपबरोबर उभी होती.

तिच्या अस्थी पुढे मुलांनी जेम्सटाउनला आणल्या. तिथे तिचं संग्रहालय आहे. सेलोरॉनच्या बागेत २००९ मध्ये हातात टॉनिकची बाटली घेतलेला तिचा पुतळा बसवला, तो इतका भेसूर झाला की लोकांनी त्याचं नाव 'भयानक लुसी' ठेवलं. बरीच ओरड झाल्यावर ६ ऑगस्ट २०१६ ला नवा, बरा पुतळा आला. जुना मात्र गावाने टाकून दिला नाही. तोही त्याच बागेत ठेवलाय, कारण तो बघायलाही माणसं येतात.